स्लो जेटमध्ये तार घालू नका!

बाबांची १९९८ची स्प्लेंडर चार महिने पार्किंगमध्ये उभी होती. चोक ओढून किक मारली की चालू व्हायची आणि चोक सोडला की लगेच बंद. एका मेकॅनिकने कार्बोरेटर खोलला, जुन्या क्लच केबलची एक बारीक तार सोडवली, स्लो जेटमध्ये (गाडी जागेवर मंद चालताना पेट्रोल देणारा बारीक भोकाचा पितळी नळीसारखा भाग) घालून चार वेळा मागेपुढे केली आणि गाडी सुरू! आम्ही खूश. पण आठवड्याभरात प्लग काजळीने काळा, सिग्नलला सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास आणि ॲव्हरेज दहाने खाली.

हे का झालं ते कळायला आधी कार्बोरेटर काय करतो ते बघू. आपल्याला वाटतं की इंजिन पेट्रोल ओढून घेतं. खरं तर बाहेरची हवा ते ढकलते. पिस्टन खाली गेला की हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जोरात आत येते, आणि वेग वाढला की दाब कमी होतो (शाळेतला बर्नोली आठवा). खालच्या बाऊलमध्ये पेट्रोल असतं आणि त्याला एका छोट्या भोकातून बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब मिळतो, म्हणजे वर दाब कमी आणि खाली जास्त, मग पेट्रोल जेटमधून वर चढतं, स्ट्रॉने नारळपाणी पिताना होतं तेच. चोक ओढला की हवेचं तोंडच झाकलं जातं, गळ्यातला दाब आणखी पडतो आणि मेन जेटमधूनही (वेगात पेट्रोल देणारा मोठा जेट) पेट्रोल वर येतं. म्हणून फक्त चोकवर चालणारी गाडी दिसली की पहिला संशय तुंबलेल्या स्लो जेटवर घ्यायचा.

आता दाब तोच असेल तर किती पेट्रोल वर येणार हे मुख्यतः ठरवतं त्या भोकाचं माप. केहिन या कार्बोरेटर कंपनीच्या जेटवर ३८ लिहिलं असेल तर भोक साधारण ०.३८ मिलिमीटरचं. जेट पितळेचा म्हणजे मऊ, तार स्टीलची. तारेने घासून भोक ०.४२ झालं तर फरक फक्त ०.०४, डोळ्याला दिसणारही नाही, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे पेट्रोलची वाट तब्बल २२ टक्के मोठी! नंतर हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवायचा स्क्रू कितीही फिरवा, तो जेट गेला तो गेला.

तारेऐवजी जेटवर कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, तासभर राहू द्या, मग उलट बाजूने हवा मारा आणि जेट उजेडासमोर धरून बघा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. स्प्रेआधी रबरी ओ-रिंग काढून ठेवा, नाहीतर त्या फुगतात. मिश्रणाचा स्क्रू काढायच्या आधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती आटे बसतात ते मोजून लिहून ठेवा.

स्पेअरपार्टचं म्हणाल तर पुण्यात नाना पेठेत फिरलं की बरंच काही मिळतं, पण डुप्लिकेट किटमधल्या जेटवर नंबर बरोबर आणि भोक भलतंच असू शकतं, म्हणून जुना जेट शेजारी धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. जेट नीडल (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई) बदलायची तर ती ज्यात सरकते तो नीडल जेटही बदला, दोघं एकमेकांना घासून झिजतात आणि भोक लंबगोल होतं. आणि पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक कुणी ॲव्हरेज वाढेल म्हणून विकत असेल तर सरळ नाही म्हणा, अशा चुंबकाने पेट्रोलच्या जळण्यात काही फरक पडत नाही, ती शुद्ध फसवणूक आहे.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्यांना आणखी एक काम लावलंय. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. इंजेक्शनच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो, कार्बोरेटरला कसं कळणार, त्याचं भोक तेवढंच! मग मिश्रण पातळ होतं, गाडी थोडी मिसिंग करते, गरम होते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी धरतं आणि उभ्या गाडीच्या बाऊलमध्ये पांढरी भुकटी साचते. म्हणून गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, आणि मग बाऊलखालचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलंसुरलं पेट्रोल बाटलीत काढून घ्या. बाबांच्या गाडीला आता नवा ३८चा जेट आहे, आणि हे काम दर वेळी मीच करतो.