साताऱ्याच्या कुंडीतला ट्यूलिप आणि १२ आठवड्यांची थंडी

साताऱ्यात किंवा सांगलीत ट्यूलिपचा साधा कांदा आणून थेट कुंडीत लावला, तर पाने येतात. कळी मात्र मातीलगत पानांतच अडकून वाळते. बोल बहुतेकदा खताला लागतो. कारण शोधायचे तर कांद्याच्या मुलखात जावे लागते.

तिएन शान आणि पामीरचे डोंगरउतार हा ट्यूलिपचा मूळ मुलूख. तिथे हिवाळाभर बर्फ, वसंतात थोडे आठवडे ओल आणि मग कोरडा उन्हाळा. त्यामुळे कांद्याने कामे वाटून घेतली आहेत. पाने वाळल्यावर, उन्हाळ्यातच, आतल्या आत फूल तयार होते. ऑक्टोबरमध्ये कांदा उभा चिरून पाहा: मधोमध फिकट पाकळ्या, सहा पुंकेसर, तीन पाळ्यांचे स्त्रीकेसर, सगळे मांडून ठेवलेले असते. उरते ते देठ लांबवणे, आणि त्यासाठी ५ अंशांच्या आसपास १२ ते १६ आठवडे थंडी लागते.

१६व्या शतकात उस्मानी बागांतून हे कांदे व्हिएन्नाला आणि तिथून नेदरलँड्सला गेले. वनस्पतिशास्त्रज्ञ कॅरोलस क्लुसियस १५९३ मध्ये लायडनला आला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या वनस्पती-उद्यानात ट्यूलिप फुलला. फेब्रुवारी १६३७ मध्ये कोसळलेला ट्यूलिपच्या कांद्यांचा सट्टा सर्वांना ठाऊक आहे. पण ज्या पट्टेदार पाकळ्यांना वेडे भाव आले, ते पट्टे माव्याने पसरणाऱ्या विषाणूचे होते, हे १९२०च्या दशकात सिद्ध झाले. त्याच दशकात नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लाउ यांनी कांद्यात कोणत्या तापमानाला काय घडते ते तपासले. आपल्या दृष्टीने सट्ट्यापेक्षा हे काम मोलाचे. आज ‘प्रीकूल्ड’, म्हणजे आधीच थंडी देऊन, विकले जाणारे कांदे त्याच वाटेने आले.

श्रीनगरला मोठी ट्यूलिप बाग आहे. तिथे कांदा हिवाळ्याआधी जमिनीत सुमारे १५ सेंटीमीटर खोल जातो आणि थंडीचे काम हवाच करते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे हिमकण दिसतात, पण तेवढ्याने १२ आठवडे भरत नाहीत.

म्हणून आपल्याकडे फ्रीज. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कांदे भोके पाडलेल्या कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवावेत, फ्रीजरमध्ये नाही. त्याच फ्रीजमध्ये सफरचंद, केळी, चिकू नकोत. पिकत्या फळांच्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. कांदे डिसेंबरअखेर लावावेत. प्रीकूल्ड कांदे आले की लगेच लावावेत. उबदार खोलीत पडून राहिले तर मिळालेली थंडी वाया जाते.

८ इंची कुंडीत ५-६ कांदे, बुडाकडचे तपकिरी साल काढून, टोक वर. कृष्णाकाठची काळी माती नुसती वापरू नये; ती पाणी धरते आणि बूड कुजते. निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मी जाड वाळू पुरे. सकाळचे ऊन, दुपारी सावली. देठ आखूड राहिला तर थंडी कमी पडली असे समजावे.

फुलून गेलेला कांदा पुढच्या वर्षासाठी जपण्यात अर्थ नाही. पानांना अन्न साठवायला फुलानंतर सहा-एक आठवडे गारवा हवा. आपल्या मार्चच्या उन्हात ती त्याआधीच वाळतात आणि कांदा फुटून बारीक, फूल न देणारी पिल्ले उरतात. दरवर्षी त्याच कुंडीत फूल हवे असेल तर फुटबॉल लिली लावावी: हिवाळ्यात पाणी तोडायचे, उन्हाळ्यात वळवाआधी सुरू करायचे, फ्रीजची गरज नाही.