नकाशात हात मारलाय हे गणिताने कसं पकडतात? नॉर्थ कॅरोलिनाचं प्रकरण

२०१२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात हाऊससाठी, म्हणजे तिकडच्या लोकसभेसाठी म्हणा, निवडणूक झाली. सगळ्या १३ मतदारसंघांतली मतं एकत्र केली तर डेमोक्रॅटिक पक्षाला निम्म्याहून थोडी जास्त, साधारण ५०.६ टक्के मतं पडली होती. जागा मिळाल्या ४. उरलेल्या ९ रिपब्लिकन पक्षाने नेल्या.

हे वाचून आपल्याकडचा माणूस लगेच म्हणेल की यात नवीन काय, आपल्याकडे पण मतं एकाला जास्त आणि सीट्स दुसऱ्याला असं होतंच की. बरोबर आहे. ज्याला एक मत जास्त तो निवडून आला अशी पद्धत असली की मतांची टक्केवारी आणि जागा यांचा मेळ बसेलच असं नाही, आणि म्हणूनच नुसता ५०.६ टक्के आणि ४ जागा हा आकडा दाखवून कोणाला चोर म्हणता येत नाही. हीच तर खरी अडचण आहे. नकाशा मुद्दाम वाकडा काढलाय की तिथली वस्तीच अशी आहे की निकाल वाकडा लागणारच, हे ठरवायचं कसं? मागच्या दहा-बारा वर्षांत गणितवाल्यांनी याचं एक उत्तर शोधलंय आणि मला ते इतकं सुंदर वाटतं की ते जास्तीत जास्त लोकांना कळावं असं मनापासून वाटतं.

आधी नकाशा कोण काढतं ते बघू. अमेरिकेत दर १० वर्षांनी जनगणना होते, त्यावरून कुठल्या राज्याला हाऊसच्या किती जागा ते ठरतं, आणि मग बऱ्याच राज्यांत मतदारसंघांच्या रेषा तिथलं विधिमंडळच आखतं. म्हणजे ज्या पक्षाचं बहुमत त्याच्याच हातात पेन्सिल. नॉर्थ कॅरोलिनात तर गव्हर्नरला या नकाशावर व्हेटो पण वापरता येत नाही. बंधन मुख्य एकच आणि ते मात्र कडक, सगळ्या मतदारसंघांची लोकसंख्या जवळजवळ अगदी सारखी हवी. २०१० च्या जनगणनेनुसार या राज्यात एका मतदारसंघात ७,३३,४९९ माणसं यायला हवी होती, आणि तिथे हा आकडा खरोखर माणूस मोजून जुळवतात.

आता लोकसंख्या सारखी ठेवूनही खेळ कसा होतो ते छोट्या आकड्यांत बघा. समजा ५०० मतदार आहेत, १००-१०० चे ५ मतदारसंघ करायचे आहेत, आणि क पक्षाचे २६० लोक आहेत तर ख पक्षाचे २४०. नकाशा क ने काढला आणि प्रत्येक मतदारसंघात आपले ५२ बसवले तर पाचही जागा क च्या. तोच नकाशा ख ने काढला तर तो क चे ९५ लोक एकाच मतदारसंघात कोंबेल, तिथे क दणदणीत जिंकेल आणि जिंकू दे, कारण उरलेले १६५ चार ठिकाणी फोडले की प्रत्येकी ४१-४२ च राहतात आणि त्या चारही जागा ख च्या होतात. तेच ५०० लोक, तीच मतं, आणि क ला ५ जागा किंवा १ जागा. कोंबा आणि फोडा, बस्स, एवढीच युक्ती आहे, आणि याला गेरीमँडरिंग म्हणतात.

नॉर्थ कॅरोलिनात हे कसं झालं त्याची तर उघड नोंदच आहे. २०११ चा नकाशा फेब्रुवारी २०१६ मध्ये फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाने रद्द केला, कारण त्यातले मतदारसंघ क्रमांक १ आणि १२ वंशाच्या आधारावर आखलेत असं कोर्टाचं म्हणणं पडलं. मग घाईघाईत नवीन नकाशा काढायचा होता, आणि तो काढणाऱ्या विधिमंडळाच्या समितीतले रिपब्लिकन नेते डेव्हिड लुईस यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आपण १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट असा फायदा मिळेल असा नकाशा काढू, कारण ११ आणि २ असा काढणं शक्य आहे असं आपल्याला वाटत नाही. लपवाछपवी काही नाही. वंशावरून आखलं तर बेकायदा, पण पक्षाच्या फायद्यासाठी आखलं तर चालतं, असा त्यांचा हिशोब होता. नोव्हेंबर २०१६ ला निकाल लागला आणि रिपब्लिकनांना ५३ टक्के मतं आणि बरोब्बर १० जागा मिळाल्या. २०१८ मध्ये त्यांची मतं ५० टक्क्यांवर आली तरी जागा १२ पैकी ९ होत्या, उरलेल्या एका जागेचा निकाल पोस्टल मतांच्या घोटाळ्यामुळे मंजूरच झाला नाही आणि तिथे परत निवडणूक घ्यावी लागली.

लोकांना वाटतं की वाकडा नकाशा डोळ्यांनी ओळखता येतो. पूर्वी तसं होतं पण. याच राज्याचा बारावा मतदारसंघ १९९० च्या दशकात आय-८५ हायवेच्या कडेकडेने लांबच लांब पसरलेला होता, काही ठिकाणी रस्त्याइतकाच रुंद, आणि त्यावरून सुप्रीम कोर्टात मोठी केस झाली. पण २०१६ चा नकाशा बघा, तो दिसायला अगदी नीटनेटका आहे! बारावा मतदारसंघ शार्लट शहराभोवती छान गोळा झालाय, कुठे शेपट्या नाहीत, कुठे विचित्र फाटे नाहीत. आणि तरी निकाल सांगून ठेवलेला तोच लागला. हातात मतांचा डेटा आणि चांगलं सॉफ्टवेअर असेल तर सुबक आकारातही हवं ते बसवता येतं, त्यामुळे आकार हा पुरावा म्हणून फार कामाचा नाही.

या नीटनेटक्या नकाशातली एक रेषा जवळून बघण्यासारखी आहे. ग्रीन्सबरो गावात नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी नावाचं विद्यापीठ आहे, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी सुरू झालेल्या ऐतिहासिक संस्थांमधलं देशातलं सगळ्यात मोठं. १९६० साली दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या काउंटरवर जाऊन शांतपणे बसून राहणारी ती चार मुलं याच कॉलेजची होती. २०१६ च्या नकाशाने या कॅम्पसच्या मधूनच रेषा नेली, लॉरेल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरून. एका बाजूचं होस्टेल सहाव्या मतदारसंघात आणि दुसऱ्या बाजूच्या इमारती तेराव्यात. एकाच वर्गात बसणारी मुलं वेगवेगळ्या खासदारांना मतं देणार, आणि दोन्हीकडे त्यांची संख्या अशी की निकालावर परिणाम शून्य. दोन्ही जागांवर रिपब्लिकन निवडून आले. पुढे रेषा बदलून अख्खं ग्रीन्सबरो एका मतदारसंघात आलं तेव्हा, २०२० मध्ये, तिथून डेमोक्रॅट उमेदवार जिंकली. हे वाचल्यावर मला फोडणं म्हणजे काय ते खरं समजलं, टक्केवारीतून ते तेवढं पोचत नाही.

बरं, मग पुरावा काय? इथे ड्यूक विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक जोनाथन मॅटिंगली येतात. त्यांचा प्रश्न साधा होता, की ज्याला पक्षबिक्ष काही माहीतच नाही अशा कोणीतरी नकाशा काढला असता तर निकाल काय लागला असता? एक नकाशा काढून उपयोग नाही, हजारो काढायचे आणि मग प्रत्यक्षातला नकाशा त्या गर्दीत कुठे बसतो ते बघायचं.

पण शक्य असलेले सगळेच नकाशे काढता येत नाहीत, ते का हे करून बघा. चौकडीच्या वहीत ३ बाय ३ चा चौकोन घ्या आणि त्याचे प्रत्येकी ३ घरांचे, सलग जोडलेले ३ तुकडे करा. १० प्रकारे होतं, पाच मिनिटांत सगळे सापडतात. ४ बाय ४ चे ४ तुकडे ११७ प्रकारे होतात, एखाद्या दुपारी चिकाटीने बसलात तर जमेल. ५ बाय ५ ला ४,००६. ६ बाय ६ ला ४,५१,२०६. आणि ९ बाय ९ ला ७०६ लाख कोटींच्या पुढे, म्हणजे ७ वर १४ शून्यं! ही फक्त ८१ घरांची गोष्ट झाली. नॉर्थ कॅरोलिनात मतदानाचे छोटे विभाग, आपल्या बूथसारखे, सुमारे २,७०० आहेत आणि ते १३ गटांत वाटायचे. हा आकडा मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

मग सगळे काढण्याऐवजी नमुना घ्यायचा. एक्झिट पोलवाला काय सगळ्या मतदारांना विचारत नाही, तसंच. कॉम्प्युटरला एक नकाशा द्यायचा, तो दोन मतदारसंघांच्या सीमेवरचा एखादा विभाग उचलून इकडचा तिकडे करतो, मग तपासतो की लोकसंख्या सारखी आहे ना, मतदारसंघ सलग आहे ना, आकार फार पसरट झाला नाही ना, काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) उगाच तुटल्या नाहीत ना, कायद्याने अल्पसंख्याकांना जे संरक्षण दिलंय ते पाळलं जातंय ना. नियमात बसणारे बदल पुढे जायची शक्यता जास्त, न बसणारे बहुतेक गळतात. असं लाखो वेळा. याला मार्कोव्ह चेन माँटे कार्लो म्हणतात आणि फिजिक्समध्ये अणू-रेणूंचं वागणं समजून घ्यायला ही पद्धत १९५० च्या दशकापासून वापरतात. पुढे मून डचिन या गणितज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजून वेगवान प्रकार काढला, त्यात शेजारचे दोन मतदारसंघ एकत्र करून टाकायचे आणि रँडम पद्धतीने नव्याने दोन समान भाग करायचे, मग नकाशा पटापट बदलतो. महत्त्वाचं म्हणजे या सगळ्यात कॉम्प्युटरला कोणी कोणाला मत दिलं हे सांगितलेलंच नसतं. नकाशे तयार झाल्यावरच खऱ्या निवडणुकीतली विभागवार मतं त्यात टाकायची आणि कोण किती जागा जिंकतं ते मोजायचं.

मॅटिंगलींच्या टीमने असे २४,५१८ नकाशे तयार केले. त्यातल्या ९९ टक्क्यांहून जास्त नकाशांत डेमोक्रॅट्सना प्रत्यक्षापेक्षा निदान एक तरी जागा जास्त मिळत होती, आणि ७० टक्क्यांहून जास्त नकाशांत दोन किंवा तीन जास्त. मिशिगन विद्यापीठाचे जोवेई चेन यांनी वेगळ्या पद्धतीने ३,००० नकाशे काढले, राज्याचेच नियम पाळून, फक्त पक्षाचा फायदा हा नियम वगळून. त्यातल्या एकाही नकाशात १०-३ आलं नाही, एकाही नाही!

जागांच्या आकड्यापेक्षा मला मॅटिंगलींचा एक ग्राफ जास्त बोलका वाटतो. प्रत्येक नकाशातले १३ मतदारसंघ डेमोक्रॅटिक मतांच्या टक्केवारीने चढत्या क्रमाने लावायचे. पक्ष न बघता काढलेल्या हजारो नकाशांत ही रेघ हळूहळू वर चढत जाते. २०१६ च्या नकाशात मात्र ती मध्यापर्यंत खालीच दबलेली राहते आणि शेवटच्या तीन मतदारसंघांत एकदम उडी मारते. ते तीन म्हणजे १, ४ आणि १२, तिथे डेमोक्रॅट्स कोंबलेले, आणि जिथे लढत घासून झाली असती त्या मधल्या मतदारसंघांतून ते काढून घेतलेले. उडी दिसली की कोंबलंय कुठे आणि फोडलंय कुठे ते बोट ठेवून दाखवता येतं.

या पद्धतीचा प्रामाणिकपणा कळायला मॅसॅच्युसेट्सचं उदाहरण हवंच. तिथे साधारण एक तृतीयांश मतं रिपब्लिकनांना पडतात आणि तरी १९९६ पासून हाऊसची एकही जागा त्यांनी जिंकलेली नाही, सगळ्या ९ डेमोक्रॅट्सकडे. बघणारा म्हणेल हा तर त्याहून मोठा घोटाळा. पण डचिन आणि सहकाऱ्यांनी तपासलं तर त्यांनी घेतलेल्या काही निवडणुकांत रिपब्लिकन मतं राज्यभर इतकी एकसारखी पसरलेली होती की नकाशा कसाही काढा, त्यांचं बहुमत असलेला एकही मतदारसंघ बनतच नव्हता. उलट काही राज्यांत डेमोक्रॅट्स शहरांत दाटीवाटीने राहतात आणि स्वतःच स्वतःला कोंबून घेतात. म्हणजे वस्तीचा हिस्सा किती आणि पेन्सिलीचा किती हे वेगळं करता येतं, कारण तुलना त्याच राज्यातल्या, त्याच माणसांच्या दुसऱ्या नकाशांशी होते. टक्के आणि जागा यांची थेट तुलना हे कधीच करू शकत नाही.

हे सगळं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे मांडलं गेलं. २७ जून २०१९ ला ५ विरुद्ध ४ अशा निकालात कोर्टाने म्हटलं की पक्षाच्या फायद्यासाठी नकाशा वाकवण्याचा प्रश्न फेडरल कोर्टाने सोडवायचा नाही, तो राजकीय प्रश्न आहे. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मतात २४,५१८ आणि ३,००० हे दोन्ही हिशोब सविस्तर दिलेत. मला तो निकाल पटत नाही, मोजता येत नाही असं म्हणायला आता जागाच उरलेली नव्हती.

तरी गणित वाया गेलं नाही. राज्याच्या कोर्टांनी तेच पुरावे ऐकले, २०२० ला बदललेल्या नकाशावर ८-५ लागलं, आणि जनगणनेनंतर जागा १४ झाल्यावर २०२२ ला कोर्टाच्या देखरेखीखालच्या नकाशावर ७-७. मग त्याच वर्षी राज्याच्या सुप्रीम कोर्टातल्या न्यायाधीशांच्या निवडणुकीत बहुमत बदललं (हो, तिथे न्यायाधीश पण निवडून येतात), एप्रिल २०२३ मध्ये पक्षाच्या फायद्याचे नकाशे रोखणारा आधीचा निर्णय फिरवला गेला, विधिमंडळाने पुन्हा नवा नकाशा काढला आणि २०२४ ला १०-४. याच २०२४ मध्ये राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्पना निवडलं आणि गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट जॉश स्टाईनना मोठ्या फरकाने निवडलं, म्हणजे मतदार दोन्हीकडे जाणारा आहे, पण हाऊसच्या बहुतेक जागांवर त्याच्या मत बदलण्याने काही हलत नाही. कॅरी, मॉरिसव्हिल भागात रिसर्च ट्रँगल या संशोधन आणि आयटीच्या पट्ट्यामुळे मराठी घरं पुष्कळ आहेत, त्यातले जे नागरिक झालेत ते याच नकाशांत मतं देतात.

आपल्याकडे रेषा आमदार आखत नाहीत, डिलिमिटेशन कमिशन आखतं, सुप्रीम कोर्टाचे आजी किंवा माजी न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात, ही खूप मोठी जमेची बाजू आहे. पण त्याच्या आदेशाला कोर्टात आव्हान देण्याचा रस्ता फार अरुंद आहे, त्यामुळे रेषा ठरण्याआधीच अशी हजारो नकाशांची तुलना लोकांसमोर यायला हवी. बूथवार मतं निवडणुकीच्या निकालाच्या फॉर्म २० मध्ये मिळतात, आणि हे काम आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतली मुलं नक्की करू शकतील.

नॉर्थ कॅरोलिनात ऑक्टोबर २०२५ मध्ये नकाशा परत बदलला, जनगणना झालेली नसताना. या वेळी निशाणा ईशान्येकडचा मतदारसंघ क्रमांक १, जिथून १९९२ पासून कृष्णवर्णीय खासदारच निवडून येत आलेत आणि २०२४ ला डेमोक्रॅट उमेदवार थोडक्यात जिंकला होता. लक्ष्य १४ पैकी ११ जागांचं आहे, आणि या वेळीही ते नेत्यांनी उघड सांगितलंय.