धान्य, अंतर आणि वारस: प्राचीन जगावरच्या टर्न-बेस्ड खेळांची पार्श्वभूमी

प्राचीन काळावरचा नवा टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने खेळायचा, स्ट्रॅटेजी गेम (डावपेचांचा खेळ) आला की वाद ठरलेला. ढालीचा आकार चुकला, अमुक तुकडी त्या शतकात नव्हतीच, तमुक राज्य भलतंच बलाढ्य केलंय. हे वाद गैर नाहीत. पण या खेळांचा साठेक वर्षांचा प्रवास पाहिला तर अचूकतेच्या दोन कल्पना बरोबरीने चालत आलेल्या दिसतात. एक पोशाखाची: शस्त्रं, नावं, रंग. दुसरी अडचणींची: त्या काळच्या राज्यकर्त्याला जे जमत नव्हतं ते खेळाडूलाही सहज जमू नये. माझ्या लेखी खेळ खरा होतो तो दुसरीमुळे, आणि या प्रकाराची सुरुवात तिथूनच झाली होती.

1964 साली न्यूयॉर्क राज्यातल्या मेबल ॲडिस या शिक्षिकेने आयबीएमच्या सहकार्याने ‘द सुमेरियन गेम’ लिहिला, तो शाळकरी मुलांसाठी. मजकूर कागदावर छापून येई. मूल लगाश या सुमेरियन नगराचा राजा होई आणि आलेल्या धान्यातलं किती खायला, किती पेरणीला, किती कोठारात हे ठरवी. 1968 मध्ये डग डायमेंट यांनी या कल्पनेची आटोपशीर आवृत्ती केली आणि 1973 मध्ये डेव्हिड आहल यांच्या, बेसिक या संगणकभाषेतल्या खेळांच्या संग्रहातून ती ‘हमुराबी’ म्हणून सर्वदूर गेली.

तिचे आकडे जवळून पाहण्यासारखे आहेत. हाती 100 माणसं, 1000 एकर जमीन, 2800 बुशेल (हे धान्याचं माप) धान्य. माणशी वर्षाला 20 बुशेल लागतात, म्हणजे 2000 तिथेच संपले. एक माणूस 10 एकर कसतो, म्हणजे सगळी जमीन कसायला सगळीच माणसं हवीत. एकरी अर्धा बुशेल बियाणं, म्हणजे आणखी 500. उरले 300. त्यात उंदीर धान्य खातात आणि अधूनमधून साथ येऊन निम्मी वस्ती नेते. एकही सैनिक नाही, एकही चित्र नाही, तरी शेतीवर जगणाऱ्या राज्याची नाडी या चार ओळींच्या गणितात सापडते.

समतोलाचा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी संधी देण्याचा, प्रश्न मात्र आला टेबलावरच्या युद्धखेळांतून. ब्रिटनमधल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने 1969 पासून प्राचीन युद्धांचे नियम छापले, आणि फौजांच्या याद्या व गुणांचा हिशोब ही पद्धत रुळली. दोन्ही बाजूंना सारखे गुण, त्यात हवी ती फौज उभी करा. स्पर्धेसाठी सोय उत्तम, पण त्यामुळे एकमेकांना कधीच न भेटलेली, शतकांचं अंतर असलेली सैन्यं बरोबरीत समोरासमोर येऊ लागली. प्राचीन सेनापती अशी बरोबरी टाळण्यासाठीच तर धडपडत असे.

फ्रान्सिस ट्रेशम यांच्या 1980 च्या ‘सिव्हिलायझेशन’ या पटावरच्या खेळाने वेगळी वाट काढली. त्यात प्रत्येक संस्कृतीला काळाच्या पट्टीवर पुढे सरकायच्या अटी निराळ्या होत्या. इजिप्तसारख्या सुपीक जागेवरून खेळणाऱ्याला त्या लवकर पूर्ण कराव्या लागत. सुरुवात असमान ठेवायची आणि अपेक्षाही असमान ठेवायच्या, ही मला आजही या क्षेत्रातली सर्वांत शहाणी कल्पना वाटते.

सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा संगणकावरचा ‘सिव्हिलायझेशन’ 1991 मध्ये आला. त्यातला एक दोष दंतकथाच झाला. लढाईचा निकाल एकाच फाशावर लागे: हल्ल्याचा आकडा विरुद्ध बचावाचा. युद्धनौकेचा हल्ला 18, फॅलँक्सचा, म्हणजे दाट रांगेत लढणाऱ्या भालाईतांचा, बचाव 2. म्हणजे भालाईतांना साध्या जागीसुद्धा दहातली एक संधी, आणि मोर्चा बांधून बसले तर त्याहून जास्त. 1996 च्या दुसऱ्या भागात प्रत्येक तुकडीला टिकून राहण्याचे गुण आणि माऱ्याची ताकद दिली आणि लढाई अनेक फेऱ्यांची केली. मग असे चमत्कार विरळ झाले. 2010 च्या पाचव्या भागात एका षटकोनात एकच लढाऊ तुकडी ठेवता येऊ लागली. डावपेच रंगले, पण शहरंच्या शहरं मावतील एवढ्या अंतरावर तिरंदाज बाण मारू लागले.

पोशाखाच्या वादाचा कळस 2004 च्या ‘रोम: टोटल वॉर’मध्ये झाला. यात लढाया पाळ्यांविना सलग चालतात, पण मोहिमेचा नकाशा पाळीपाळीचा. मोहीम इ.स.पू. 270 ला सुरू होते. तेव्हा इजिप्तवर मॅसेडोनियन वंशाच्या टॉलेमींची सत्ता होती आणि त्यांचं मुख्य बळ लांब भाल्यांचं फॅलँक्स. खेळात मात्र हजारेक वर्षं जुन्या, फॅरोंच्या काळातल्या थाटाची फौज दिसते. मॅसेडोन, सेल्युसिड, ग्रीक शहरं हे सगळे भालाईतच असताना चौथीही तशीच फौज दिली असती तर खेळ एकसुरी झाला असता, हे खरं. पण खेळाडूंना ते पटलं नाही. ‘युरोपा बार्बरोरम’ हा मॉड (चाहत्यांनी केलेला खेळाचा बदललेला अवतार) करणाऱ्यांनी तुकड्या बदलल्याच, शिवाय सैनिकांच्या तोंडी पुनर्रचित प्राचीन भाषा घातल्या. त्यांच्या चिकाटीला माझा सलाम आहे. मूळ खेळात इटलीतल्या एखाद्या शहरात शाही प्रासाद उभा राहिला की रोमन सेनापती मारियसच्या लष्करी सुधारणा होऊन नवी लीजन (रोमन सैन्याची मोठी तुकडी) मिळते. मारियसने एका झटक्यात सैन्य बदललं यावरच आज बरेच अभ्यासक शंका घेतात. अभ्यास पुढे सरकतो तशी अचूकतेची मोजपट्टीही सरकते.

अडचणींकडे परतणारे खेळ नंतर आले. 2019 च्या ‘फील्ड ऑफ ग्लोरी: एम्पायर्स’मध्ये राज्य फार फुगलं, जुनं झालं की ऱ्हास साचत जातो आणि त्याला संस्कृतीने तोलावं लागतं, जिंकायचं ते मागे ठेवलेल्या वारशाच्या गुणांवर, त्यामुळे छोट्या राज्यालाही खरी संधी असते. सोरेन जॉन्सन यांच्या 2021 च्या ‘ओल्ड वर्ल्ड’मध्ये पाळी एका वर्षाची आहे, राजा म्हातारा होऊन मरतो आणि गादीला वारस लागतो. हुकूमही मोजकेच मिळतात. तुकडी हलवायची, कामकरी कामाला लावायचे, सगळं त्याच साठ्यातून. मोठी फौज आहे म्हणून ती सगळी एकाच वर्षी हलेल असं नाही.

फेब्रुवारी 2025 मधल्या ‘सिव्हिलायझेशन’च्या सातव्या भागाने प्राचीन युग स्वतंत्र कप्प्यात ठेवलं आहे. अखेरीला संकट येतं, मग युग बदलतं आणि फौजाही नव्या युगाच्या होतात. त्याच खेळात नेता आणि संस्कृती वेगवेगळे निवडता येतात, म्हणजे अशोक रोमवर राज्य करू शकतो. मला ते चालतं. सम्राट अशोकाच्या हाती रोम देणं हा उघड कल्पनाविलास आहे आणि त्याने कुणाची दिशाभूल होत नाही. राज्य कितीही पसरलं तरी त्याची काहीच किंमत मोजावी न लागणं, ही चूक मात्र नियमांत दडून राहते आणि कुणी तिच्यावर वाद घालत नाही.