२-४-६ आणि आजीच्या मिरच्या

भाची यंदा एफवायला, सायकॉलॉजी घेतलंय. चवथीला डिचोलीला घरी आली तर पहिली तक्रार, "मामा, पहिला चॅप्टर बघ, मन नाही स्वप्नं नाहीत, नुसतं हायपोथेसिस नि एव्हिडन्स!" मला तोच चॅप्टर सगळ्यात आवडतो, कारण माणसाचा अभ्यास माणसानंच करायचा तर आपलं डोकं कुठं फसतं ते आधी कळायला हवं. म्हणून जेवणं झाल्यावर गणपतीच्या वर फळं-पानं टांगून केलेल्या माटोळीसमोर बसून सगळ्यांवर एक प्रयोग केला.

पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली छापलेला हा प्रयोग. २-४-६ हे आकडे एका नियमात बसतात, तो नियम ओळखायचा. तुम्ही तीन-तीन आकडे सुचवायचे, मी फक्त हो किंवा नाही म्हणणार. आमचे भावोजी इंजिनियर, नेवरी खात खात म्हणाले ८-१०-१२. हो. २०-२२-२४. हो. १००-१०२-१०४. हो. "झालं, दोननं वाढणारे सम आकडे!" चूक. वेसनच्या २९ विद्यार्थ्यांपैकी पहिल्याच उत्तरात बरोबर आले फक्त ६.

खरा नियम एवढाच की आकडे चढते हवेत. आता कागदावर एक मोठं वर्तुळ काढा, तो खरा नियम, त्याच्या पोटात छोटं, तो भावोजींचा अंदाज. छोट्यातलं काहीही उचला, ते मोठ्यात असणारच, म्हणजे हजारदा विचारलं तरी हो-च येणार आणि चूक कधीच दिसणार नाही! उलट अंदाज मोठा नि नियम त्याच्या पोटात असता तर हीच पद्धत चालली असती, कधीतरी 'नाही' आलंच असतं. जोशुआ क्लेमन आणि यंग-वॉन हा या दोन संशोधकांनी १९८७ मध्ये नेमकं हेच दाखवलं, की आपल्या अंदाजात बसणारीच उदाहरणं तपासायची सवय मुळात वेडगळ नाही, पण आपली वर्तुळं कशी बसलीत ते आपल्याला आधी माहीत नसतं, म्हणून अंदाजाबाहेरचंही विचारावं लागतं. सातवीतल्या धाकट्यानं ते केलं. "६-४-२?" नाही. "१-२-५०?" हो. त्याला लगेच कळलं.

आमच्याकडे पोराला ताप आला की मीठ-मिरच्यांनी दिश्ट काढतात. मिरच्या जाळून ठसका नाही लागला तर दिश्ट जबरदस्त होती, ताप उतरला तर गुण आला, नाही उतरला तर परत काढा. इथं 'नाही' यायला जागाच ठेवलेली नाही. आणि पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत, ह्या नादात डॉक्टरकडे जायला उशीर करणं मला अजिबात पटत नाही.

भाचीनं आजीला विचारलं, "ज्यांची दिश्ट काढली नाही त्या पोरांचा ताप गो?"

आजी जरा थांबली. "शेजारच्याचाय तिसऱ्या दिवशी उतरला होता," म्हणाली, "त्याची कोणी काढली नव्हती."