औटकीपासून जीएसटीपर्यंत : पुण्यातल्या शाळांमधल्या गणिताची पार्श्वभूमी

दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण पडले तरी मुलाला उत्तीर्ण म्हणायचे, मात्र पुढे या विषयांच्या वाटेला त्याला जाता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर मारायचा. राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली ही तरतूद ऑक्टोबर २०२४ मध्ये चर्चेत आली आणि दोन तट पडले. एक म्हणे, नापासाचा शिक्का पुसला हे बरेच झाले. दुसरा म्हणे, मग गणित शिकवायचेच कशाला? हा वाद आजचा नाही. शाळेतले गणित म्हणजे रोजचा हिशेब की सिद्धता, हे आपण कधी नीट ठरवलेच नाही, आणि पुण्यात तर हे भिजत घोंगडे दोनशे वर्षांचे आहे.

पंतोजींच्या शाळेत प्रश्नच नव्हता. तिथे फक्त हिशेब. धूळपाटीवर अंक गिरवायचे आणि पाढे घोकायचे. तेही नुसते बे ते तीस नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. हे अपूर्णांकांचे पाढे हौसेने रचलेले नव्हते. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, शेराचे पावशेर चार, सगळा बाजारच पाव-निम्म्यावर चालायचा. अडीच आणे शेराने बारा शेर जिन्नस घेतला तर अडीचकीतून तीस आणे निघायचे, म्हणजे एक रुपया चौदा आणे. कागद लागत नसे. असे का होते, हे मात्र कुणी विचारायचे नाही आणि कुणी सांगायचे नाही.

सिद्धता आली ती इंग्रजी पुस्तकांबरोबर. १८२०च्या दशकात जॉर्ज जर्विस या लष्करी इंजिनिअरने शास्त्रीमंडळींच्या मदतीने इंग्रजीतले गणित मराठीत आणायला घेतले. भूमितीच्या वहीत आपण आजही ‘पक्ष’, ‘साध्य’, ‘सिद्धता’ लिहितो. त्यातले पक्ष आणि साध्य हे थेट न्यायशास्त्रातले, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातले शब्द. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, या अनुमानात पर्वत हा पक्ष आणि अग्नी हे साध्य. भूमितीत येताना ‘पक्ष’चा अर्थ सरकला आणि ‘दिलेली माहिती’ एवढाच उरला. पण युक्लिडचा त्रिकोण मराठीत बोलू लागला तो नैयायिकांच्या भाषेत, ही मला फार गमतीची गोष्ट वाटते. अज्ञात राशीचे नशीब वेगळे. भास्कराचार्य तिला यावत्तावत्, कालक (काळा), नीलक (निळा) म्हणत. मराठी पुस्तकांनी ते रंग सोडले आणि ‘क्ष’ घेतला.

पुढचा काळ पुणेकर अभिमानाने सांगतात आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. केरूनाना छत्रे हे गणिताचे प्राध्यापक, मराठीत पाठ्यपुस्तके लिहिणारे. त्यांचे विद्यार्थी टिळक. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले तेव्हा टिळक तिथे गणित शिकवू लागले, नंतर फर्ग्युसन कॉलेजात. ते बाहेर पडल्यावर १८९१ मध्ये त्यांच्या जागी गणिताला आले धोंडो केशव कर्वे. गोखल्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक केले, ते वर्षानुवर्षे शाळांतून चालले. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले र. पु. परांजपे १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. राजकारणात एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे फळ्यासमोर मात्र एकाच विषयाची.

पण शाळेची खरी सूत्रे मॅट्रिकच्या हाती होती. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ची. परीक्षेला प्रमेय येणार म्हटल्यावर मुलांनी ज्या पद्धतीने औटकी पाठ केली त्याच पद्धतीने प्रमेय पाठ केले. विषय युक्लिडचा, रीत पंतोजींची. हे शतकभराने माझ्या वर्गातही तसेच होते. पायथागोरसच्या प्रमेयात आमच्या सरांनी आकृतीतली अक्षरे बदलली, तर अर्ध्या वर्गाने पुस्तकातलीच अक्षरे उतरवली होती. मीही त्या अर्ध्यात होतो.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले आणि अपूर्णांकांच्या पाढ्यांखालची जमीनच गेली. कुणी ते काढून टाका असे म्हणण्याची गरज पडली नाही. मग १९६६ मध्ये परीक्षा घेणारे राज्य मंडळ, १९६७ मध्ये पाठ्यपुस्तके काढणारी बालभारती, दोन्हींची मुख्यालये पुण्यात. कोठारी आयोगाने (१९६४–६६) गणित दहावीपर्यंत सर्वांना सक्तीचे असावे असे सुचवले, दहा-अधिक-दोनचा आकृतिबंधही त्याचाच, आणि १९७५ मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी आली. म्हणजे जे गणित पूर्वी हायस्कूल गाठणाऱ्या थोड्यांसाठी होते ते आता प्रत्येकासाठी झाले. आजच्या २० गुणांच्या वादाचे मूळ मला इथे दिसते. मुले बदलली, गणित जवळपास तेच राहिले.

बदल झाले नाहीत असे नाही. रशियाच्या स्पुटनिकनंतर अमेरिकेत ‘नव्या गणिता’ची लाट उठली, तिचे शिंतोडे आपल्याकडेही उडाले, नववीच्या पुस्तकातला पहिला धडा ‘संच’ ही तिचीच खूण. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी काही वर्षे ‘सामान्य गणिता’चा पर्याय होता, तोही नव्या अभ्यासक्रमाबरोबर गेला. सेमी इंग्रजीने पक्षाचे ‘गिव्हन’ आणि साध्याचे ‘टू प्रूव्ह’ केले. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा मराठी बुडाल्याची हाकाटी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की लिहिताना आधी दोन आणि बोलताना आधी एक, यात लहान मुले अडखळतात. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यापेक्षा विनोद करणे सोपे होते, आणि तेच झाले.

२०१८ च्या दहावीच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आले, त्यात जीएसटी. वर्गसमीकरणे आणि श्रेढींच्या शेजारी हिशेब पुन्हा येऊन बसला. आमच्या शेजारच्या मुलीला त्यातले एक उदाहरण घातले होते : वस्तूची किंमत ३५० रुपये, कर १८ टक्के, केंद्राचा आणि राज्याचा वेगवेगळा दाखवा. ती मोबाइल शोधत होती. पंच्याऐंशी वर्षांचे तिचे आजोबा पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, “त्रेसष्ट. दोन्हीकडे साडेएकतीस.”

“आजोबा, कसं काढलंत?”

“अठरा औट त्रेसष्ट.”

“औट म्हणजे?”

“साडेतीन.”

“पण हे साडेतीनशे आहेत. आणि टक्के आहेत. मग साडेतीनचा पाढा कसा चालेल?”

आजोबांनी चष्मा काढला, थोडा विचार केला. “चालतो,” म्हणाले. “पाठ कर.”