हिमाच्छादित रेल्वे यार्डांची रंगीत छायाचित्रे (शिकागो, १९४२–४३)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२–४३ च्या हिवाळ्यात, जॅक डेलानो (१९१४–९७) या छायाचित्रकाराने अमेरिकेतील शिकागो शहर व परिसरातील रेल्वे यार्डांची कोडाक्रोम फिल्मवर टिपलेली रंगीत छायाचित्रे. मूळ पारदर्शिका (प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या रंगीत फिल्मवरील चित्रे) वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेल्या आहेत.

डेलानो यांचा जन्म आजच्या युक्रेनमधला; १९२३ मध्ये त्यांचे कुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले. चित्रकलेचे शिक्षण घेतल्यानंतर १९४० मध्ये ते रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखालील, फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या शेतकऱ्यांना साहाय्य करणाऱ्या सरकारी संस्थेच्या छायाचित्र विभागात रुजू झाले. १९३० च्या दशकातील आर्थिक मंदीत पिचलेल्या ग्रामीण अमेरिकेची नोंद ठेवणारा हा विभाग १९४२ मध्ये ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन या युद्धविषयक माहिती देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे वर्ग झाला आणि युद्धासाठी रेल्वे कशी राबते आहे हे दाखविण्याचे काम डेलानो यांच्याकडे आले. पूर्व व पश्चिमेकडील लोहमार्ग शिकागोत एकत्र येत असल्याने या कामाची सुरुवात तेथून होणे स्वाभाविक होते.

शिकागोच्या पश्चिमेस शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न या रेल्वे कंपनीचे प्रोव्हिसो हे प्रचंड मार्शलिंग यार्ड, म्हणजे मालडब्यांची वर्गवारी करण्याचे यार्ड होते. अशा यार्डात आलेली मालगाडी इंजिनाने मागून रेटत कृत्रिम उंचवट्यावर, म्हणजे हंपवर, चढवितात. तेथे सोडविलेल्या वाघिणी (मालडबे) उतारावरून आपल्याच भाराने घरंगळत खाली येतात आणि सांधे बदलून ज्या त्या ठिकाणच्या गाडीसाठी ठरलेल्या रुळावर नेल्या जातात. त्यांची चाके दोन्ही बाजूंनी आवळून वेग आवरणारी रिटार्डर यंत्रे मनोऱ्यात बसलेला कर्मचारी चालवितो. हे सारे ठाऊक असले की उंचावरून घेतलेल्या चित्रातील पंख्यासारखे पसरत गेलेले रूळ ही केवळ सुंदर रेषाकृती राहत नाही. एका मार्गाने आलेला माल कसा पांगतो, त्याचा तो नकाशाच ठरतो.

या चित्रांचे खरे वैशिष्ट्य मात्र रंगांत आहे. कोळशाची काजळी, लोखंड आणि खडी यांनी एरवी काळपट दिसणाऱ्या यार्डात बर्फामुळे पांढरी पार्श्वभूमी तयार होते आणि तिच्यावर मालडब्यांचा तांबूस-तपकिरी रंग उठून दिसतो. हा रंग शोभेसाठी निवडलेला नव्हता. लोहाच्या ऑक्साइडपासून बनणारा रंग स्वस्त व टिकाऊ असल्याने बहुतेक कंपन्या तोच वापरीत. फळे-भाजीपाला वाहून नेणाऱ्या शीतवाघिणी मात्र पिवळ्या वा नारिंगी असत. कृष्णधवल चित्रात हे सर्व करड्या रंगाच्या छटांत विरून जाते. बर्फाचा पांढरेपणाही एकसारखा नसतो: सावलीतल्या बर्फावर केवळ निळ्या आकाशाचा प्रकाश पडत असल्याने तो निळसर दिसतो. डोळे ही निळाई नकळत सावरून घेतात, फिल्म ती जशीच्या तशी नोंदविते. थंड हवेत इंजिनाची वाफ चटकन निवून तिचे दाट पांढरे लोट बनतात, त्यामुळे हिवाळ्यातील यार्ड उन्हाळ्यातल्यापेक्षा अधिक गजबजलेले भासते.

कोडाक्रोम ही फिल्म १९३५ मध्ये बाजारात आली. लिओपोल्ड मॅनेस व लिओपोल्ड गोडोव्स्की (धाकटे) हे तिचे शोधक व्यवसायाने संगीतकार होते. तिची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता आजच्या आयएसओ मापात सुमारे १०, म्हणजे फारच कमी होती. भरदिवसा बर्फावरून परावर्तित होणारा प्रकाश छायाचित्रकाराच्या मदतीला येई, पण हिवाळ्याच्या सायंकाळी उद्भासनकाल (फिल्मवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) बराच वाढवावा लागे. म्हणूनच काही रात्रचित्रांत हलती माणसे दिसत नाहीत. दिसतात त्या शंटिंग (डबे जोडण्या-सोडविण्याचे काम) करणाऱ्या कामगारांच्या हातांतील कंदिलांनी उमटविलेल्या प्रकाशरेषा. फिल्मची ही मर्यादाच त्या कामगारांच्या फेऱ्यांची नोंद होऊन बसली आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या संग्रहातील सर्वांत बोलकी चित्रे हीच आहेत. फिल्म धुण्याची प्रक्रिया गुंतागुंतीची असल्याने ती कोडॅकच्याच प्रयोगशाळेत होई, त्यामुळे चित्र कसे उतरले हे जागेवर कळण्याची सोय नव्हती.

या सरकारी विभागाच्या छायाचित्रकारांनी दीड लाखाहून अधिक कृष्णधवल चित्रे टिपली. रंगीत चित्रे जेमतेम सोळाशे. ती १९७० च्या दशकापर्यंत बव्हंशी दुर्लक्षित राहिली. कोडाक्रोमचे रंग अंधारात साठविल्यास अतिशय टिकतात, त्यामुळे पारदर्शिकांतील तांबडा व निळा आजही ताजा आहे. जानेवारी २००८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही रंगीत चित्रे फ्लिकर या संकेतस्थळावर खुली केली. सरकारी काम असल्याने ती स्वामित्वहक्कमुक्त आहेत.

मार्च १९४३ मध्ये डेलानो सांता फे या रेल्वे कंपनीच्या मालगाड्यांतून शिकागोहून कॅलिफोर्नियाकडे गेले. त्या प्रवासातील चित्रांत बर्फाची जागा हळूहळू वाळवंटाने घेतलेली दिसते.