फॉल्स सीलिंगच्या वर कोणाला किती जागा?

बीमचा तळ आणि फॉल्स सीलिंग यांच्यामध्ये 600 मिमी जागा आहे. तिथून 300 मिमी उंचीची एसीची डक्ट आणि तिच्याखालून, तिच्याच दिशेने, 100 मिमीचा सांडपाण्याचा पाइप न्यायचा आहे. बेरीज 400, तरीही हे बसत नाही.

डक्टला सर्व बाजूंनी 25 मिमी इन्सुलेशन चढलं की तिची उंची 350 होते. पाइपचं 100 हे ‘नॉमिनल’, म्हणजे नावापुरतं माप. पीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास साधारण 110 असतो. शिवाय 1:80 उताराने तो 12 मीटरांत 150 मिमी खाली येतो. झाले 610! हँगर, म्हणजे डक्ट-पाइप टांगणारे आधार, तर अजून मोजलेच नाहीत.

रेव्हिटसारख्या बिम (BIM, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण कागदावरच दिसायला हवी. पण घाईत पाइप सपाट काढलेला असतो, क्लॅश तपासणीतून (कोणते भाग एकमेकांत घुसतात ते शोधणाऱ्या) इन्सुलेशन वगळलेलं असतं, आणि अहवाल स्वच्छ येतो. व्हॉल्व्ह फिरवायला हात जाईल का, हेही ‘क्लिअरन्स’, म्हणजे भोवतीची मोकळी जागा, वेगळा भरल्याशिवाय कळत नाही.

मग हलवायचं कोणाला? सांडपाणी चढ चढत नाही, म्हणून पहिला हक्क त्याचा. केबल ट्रे सहज वळते, तिने शेवटी जागा शोधावी. डक्ट 600×300 ऐवजी 900×200 केली तर 100 मिमी सुटतात आणि क्षेत्रफळ तेवढंच राहतं. मात्र परिघ 1.8 मीटरवरून 2.2 मीटर होतो. पत्रा जास्त लागतो, घर्षण वाढतं, पंख्याला जास्त दाब द्यावा लागतो. फुकट काही मिळत नाही.

उंचीच्या आकड्यातही गफलत होते. ‘इन्व्हर्ट लेव्हल’ म्हणजे पाइपच्या आतल्या पोकळीचा तळ. त्या जागी मध्यरेषेची उंची लिहिली गेली, तर या पाइपची जोडणी सुमारे 50 मिमी वर जाते आणि पुढच्या चेंबरशी जुळत नाही.

मॉडेलमधली सर्वात फसवी चूक ‘कनेक्टर’ची, म्हणजे दोन भाग जिथे जोडले जातात त्या बिंदूची. पाइपचं टोक फिटिंगला टेकलेलं दिसतं, पण जोडलेलं नसतं. मग पुढचा प्रवाह हिशेबात येतच नाही. कर्सर पाइपवर ठेवून टॅब दाबत राहा: जोडलेली साखळी उजळते आणि जिथे थांबते तिथे तुटलेला सांधा सापडतो. विजेच्या बाबतीत, सर्किटसाठी हवं ते पॅनेल (वीज वाटणारा बोर्ड) सॉफ्टवेअरच्या यादीत दिसलं नाही, तर आधी व्होल्टेज आणि सर्किटच्या पोलची (फेजच्या तारांची) संख्या जुळते का ते पाहावं.